माळ्यावर सापडलेलं मिल्स : जाम झालेलं जुनं मॉडेल इंजिन कसं सोडवावं?

कृष्णाकाठची_मुक्ता
नमस्कार मंडळी. मिरजेचं मामाचं घर रिकामं करताना माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. आत बाल्सा लाकडाचे तुकडे, टिश्यूची गुंडाळी, कंट्रोल लाइनचं (तारांना धरून गोल उडवायच्या विमानाचं) हँडल, एका मॉडेल विमानाचा अर्धा पंख आणि वर्तमानपत्रात बांधलेलं एक इंजिन. मुठीत मावेल एवढं. सोबतच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर कलकत्त्याच्या इंडियाज हॉबी सेंटरचं नाव आहे. मामा कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता आणि ८०च्या दशकात त्याने हे पोस्टाने मागवलं होतं, एवढं मामीला आठवतं. मामा जाऊन आता सहा वर्षं झाली, त्यामुळे विचारायला कोणी नाही.

इंजिनाला स्पार्क प्लग नाही, कुठे वायरही नाही. डोक्यावर आडवी दांडी असलेला एक स्क्रू आहे. मागच्या बाजूला नळी, नळीत सुई आणि खाली लोंबणारी पिवळट पडलेली प्लास्टिकची टाकी. पुढचा लाकडी पंखा (प्रोपेलर) जागचा हलत नाही. दोन दिवस डब्ल्यूडी-४० मारून पाहिलं, काही फरक नाही. शेजारचे गॅरेजवाले म्हणतात, द्या इकडे, पान्याने फिरवून देतो. देऊ का? आणि सुटलं तर चालवावं का?

पेटीत एक तपकिरी काचेची बाटलीही आहे. लेबलवर 'ईथर' एवढंच वाचता येतं. थोडं काहीतरी तळाला आहे आणि बुचाभोवती पांढरे खडे जमलेत. ती फेकून दिली तर चालेल ना?

रसायन_मास्तर
मुक्ताताई, इंजिन राहू द्या बाजूला, आधी बाटलीचं ऐका. तिला हात लावू नका. बूच उघडायचं नाही, बाटली हलवायची नाही, कचऱ्यात तर मुळीच टाकायची नाही. ईथर हवेच्या संपर्कात वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यात पेरॉक्साइडं तयार होतात. बुचाशी दिसणारे खडे तेच असू शकतात. नुसतं बूच पिळलं तरी घर्षणाने त्यांचा स्फोट होऊ शकतो. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत, म्हणून इतकं ठासून सांगतो. पेटी आहे तिथेच असू द्या, त्या खोलीत काडी, उदबत्ती, गॅस काही पेटवू नका आणि अग्निशमन दलाला फोन करून 'जुनं ईथर, बुचावर स्फटिक' हे शब्द तसेच सांगा. आजच करा.

उद्यमनगर_फिटर
मास्तरांशी शंभर टक्के सहमत. बाटलीचं झालं की मग इंजिनाकडे वळा.

पोरी, त्या गॅरेजवाल्याला इंजिन देऊ नकोस. माणूस चांगला असेल, पण त्याचा हात मोटारसायकलीवर बसलेला आहे. मी कोल्हापुरात लेथवर चाळीस वर्षं काढली, ऑइल इंजिनांची कामं केली आणि हौसेखातर ही छोटी इंजिनंही खूप हाताळली. ह्यात पिस्टनला रिंगा नसतात. बिडाचा पिस्टन पोलादी लायनरमध्ये लॅपिंग करून, म्हणजे अगदी बारीक घासून, बसवलेला असतो. दोघांमधली फट मायक्रॉनात मोजायची. तेलाच्या पातळ थरावरच सगळं कॉम्प्रेशन उभं असतं. कनेक्टिंग रॉड काडीएवढा. पान्याने जोर लावलास तर जाम सुटायच्या आधी रॉड वाकेल नाहीतर क्रँकपिन तुटेल.

आणि मुळात ते गंजलेलं नसणार. ह्या इंजिनांच्या इंधनात एरंडेल असतं. कढईच्या बाहेरच्या कडेला जुन्या तेलाचा तांबूस चिकट थर बसतो, घासून निघत नाही, तो बघितला आहेस ना? इंजिनाच्या आत तेच झालंय. एरंडेल वाळून त्याचं व्हार्निश बनलं. डब्ल्यूडी-४० त्याला काही करत नाही. तो थर उष्णतेने मऊ होतो. त्यातली चांगली गोष्ट अशी की ह्याच थराने इतकी वर्षं आतल्या लोखंडाला गंज लागू दिला नाही.

आता असं कर. प्लास्टिकची टाकी आधी काढून ठेव, गरम झाली तर चुरमडेल आणि तशी दुसरी सहज मिळायची नाही. लाकडी पंखाही काढ. डोक्यावरचा कॉम्प्रेशन स्क्रू एक-दोन फेरे सैल कर. मग इंजिन गरम कर, साधारण शंभर-एकशेदहा डिग्री, सगळीकडून सारखं. एखादा जुना ओव्हन असेल तर उत्तम, फक्त तो नंतर खाण्याच्या वापरात आणायचा नाही. बाहेर काढल्यावर हातमोजा घालून, पंखा परत लावून, हाताने हलकं मागेपुढे कर. हलला तर तिथेच थांब, एग्झॉस्टच्या खिडकीतून पातळ तेलाचे चार थेंब सोड, परत हलव. नाही हललं तर परत गरम कर. जोर वाढवायचा नाही, फेऱ्या वाढवायच्या. गार पाण्यात बुडवायचं नाही आणि कूलिंगच्या पात्यांना पकड लावायची नाही, पाती मोडतात.

गोदाकाठ
फिटरकाकांचं ऐकाच. माझ्याकडे ईडी बी आहे, एक सीसीचं, इंग्लंडमध्ये १९४८ला निघालेलं. आजोबांच्या मित्राने दिलेलं. असंच जाम झालं होतं. मी एका वर्कशॉपमध्ये दिलं. त्यांनी लायनर एमरीने 'साफ' करून दिला आणि इंजिन मोकळं झालं म्हणून मी खूशही झालो. घरी येऊन पंखा फिरवला तर कुठे अडकतच नाही, नुसता भिंगरीसारखा फिरतो. कॉम्प्रेशन गेलं ते गेलंच. आता कपाटात आहे. बघितलं की पोटात कालवतं.

बेडफर्डकर
मुक्ताताई, फोटो टाकाल का? मागची नळी, लोंबती टाकी आणि कलकत्त्याचा डबा ह्यावरून मला हे 'इंडियन मिल्स' वाटतंय. इथे इंग्लंडमध्ये जुनी इंजिनं जमवणारे लोक त्याला ह्याच नावाने ओळखतात. मूळचं मिल्स १.३ सीसी १९४६मध्ये इंग्लंडमध्ये आलं. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. पुढे ०.७५ सीसीचं धाकटं भावंड आलं. दोन्ही मूळ कंपनीने बनवणं थांबवल्यावर कलकत्त्याला ह्याच घाटाची इंजिनं तयार होत राहिली. तिथल्याच इंजिनांचं ऑरोरा हे नावही जुन्या खेळाडूंना आठवत असेल.

वायर का नाही, ह्याचं उत्तर देतो. ह्याला डिझेल म्हणतात, पण ट्रॅक्टरच्या डिझेलसारखा ह्यात इंजेक्टर नसतो. इंधन आणि हवा नळीतूनच एकत्र आत जातात आणि पिस्टन वर आला की दाबाच्या उष्णतेने ईथर पेट घेतं. ईथर साधारण १६० डिग्रीला आपोआप पेटतं, रॉकेलला त्याहून जास्त लागतं. डोक्यावरच्या स्क्रूखाली दुसरा एक छोटा पिस्टन उलटा बसवलेला असतो, कॉन्ट्रा-पिस्टन. स्क्रू आवळला की तो खाली सरकतो, जागा कमी होते, दाब वाढतो. चालू इंजिनात दाब कमी-जास्त करता येणं ही ह्या जातीची सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. बिल ब्राऊनचं ब्राऊन ज्युनिअर १९३४पासून विकायला आलं, दहा सीसीचं, स्पार्कवर चालणारं. विमानात कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी घेऊन उडायचं, वजन बघा केवढं. मग १९४७ला रे आर्डेनचा ग्लो प्लग आला. प्लॅटिनमची तार एकदा तापवली की मेथॅनॉलच्या वाफेत स्वतःच लाल राहते, मग बॅटरी काढून घ्यायची. त्यानंतर तिकडे स्पार्क मागे पडला. युरोपात मात्र डिझेलने मूळ धरलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये युद्धाच्या काळातच ती बनत होती.

इथल्या ओल्ड वॉर्डनच्या मैदानावर दर उन्हाळ्यात जुन्या मॉडेल विमानांचे मेळावे भरतात. मी तिथे नियमाने जातो. आमच्याकडच्या सॅम ३५ ह्या संस्थेच्या हिशेबाने १९५० संपेपर्यंतचा आराखडा असेल तर ते व्हिंटेज. सकाळी सात वाजता दव असलेल्या गवतावर एखादं मिल्स सुरू होतं, तेव्हा आवाज अंगावर येत नाही. शिवणयंत्रासारखा एकसुरी असतो. आणि ईथर-एरंडेलाचा तो वास! पुण्यात लहानपणी एकदाच घेतला होता, इथे येऊन वीस वर्षांनी परत भेटला.

कृष्णाकाठची_मुक्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. बाटलीचं सांगते आधी. अग्निशमन दलाची माणसं आली, आम्हाला सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि बाटली वाळूच्या बादलीत ठेवून अगदी हळू घेऊन गेली. मास्तर, त्यांनी तुमचंच वाक्य उच्चारलं: बूच उघडलं नाहीत हे चांगलं केलंत.

फोटो टाकलेत. बेडफर्डकर, १.३च आहे का?

बेडफर्डकर
१.३च. आणि डब्यासकट! बघून फार आनंद झाला.

जपणूक
एक विनंती. डब्यासकट असलेलं इंजिन आता फार कमी वेळा हाती येतं. माझ्या मते ते सोडवून, तेल घालून काचेच्या कपाटात ठेवावं. चालवलं की डाग पडतात, स्क्रूच्या खाचा झिजतात, टाकीला तडा जातो. चालवायची हौस असेल तर आजही नवी डिझेल मिळतात. इंग्लंडमधल्या मॅकल्सफील्डच्या 'पॉ' कंपनीचं एखादं आणून चालवा. हे एकच आहे, ह्याला जपा. पैशासाठी म्हणत नाही. पुढच्या पिढीला ते जसंच्या तसं दिसावं, एवढ्यासाठी म्हणतो.

उद्यमनगर_फिटर
जपणूकराव, तुमची कळकळ कळते. पण हे इंजिन कोरं नाही, मामांनी चालवलेलं आहे. आत एरंडेल वाळलंय ह्याचा अर्थच तो. योग्य इंधनावर, हलक्या हाताने दोन-चार टाक्या चालवल्याने बिडाच्या पिस्टनचं काही जात नाही. चांगलं लॅपिंग केलेली जोडी चालण्याने एकमेकांत आणखी मुरते. ईथरच्या वासाशिवाय आणि आवाजाशिवाय पुढच्या पिढीला नक्की काय दिसणार? एक सुबक पेपरवेट. टाकी मात्र काढून ठेवा आणि चाचणीला वेगळी छोटी टाकी नळीने जोडा, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

जपणूक
मूळ टाकी बाजूला आणि मूळ स्क्रूला हलका हात, एवढं पाळलंत तर माझा आग्रह नाही. पण डब्यावर तेलाचा हात लावू नका.

एअरविंग_८६
ताई, धागा वाचून राहवलं नाही. मीही एनसीसीच्या एअर विंगचा. वायुसैनिक शिबिराच्या निवडीसाठी आम्ही कंट्रोल लाइन उडवायचो. दोन तारा, हातात हँडल, मध्ये उभं राहून विमानाबरोबर गोल फिरायचं. पहिल्या दिवशी सातव्या-आठव्या गिरकीला मी भोवळ येऊन खाली बसलो होतो आणि विमान जमिनीत घुसलं होतं. पेटीत हँडल आहे म्हणजे तुमचे मामाही असेच फिरले असणार.

इंधनाचं लिहितो, कारण ह्यात चुका फार होतात. जुन्या डिझेलला सोपं प्रमाण: ईथर एक भाग, रॉकेल एक भाग, एरंडेल एक भाग. वेगवान इंजिनांत वर टक्का-दोन टक्के नायट्रेट घालतात, मिल्ससारख्या संथ इंजिनाला त्याची गरज नाही. मिसळायचा क्रम महत्त्वाचा आहे. एरंडेल आणि रॉकेल आपसात नीट मिसळत नाहीत, थर वेगळे राहतात. आधी एरंडेलात ईथर घालायचं, ते एकजीव झालं की मग रॉकेल. एरंडेल स्वच्छ, औषधाच्या दुकानातलं. त्याच्या जागी मोटारसायकलचं तेल घालू नका, ह्या मिश्रणात आणि ह्या उष्णतेला एरंडेलाचा थरच टिकतो. अख्ख्या जगात सर्वात जास्त एरंडी आपल्या देशात पिकते, बरीचशी गुजरातेत, तेव्हा ह्या एका बाबतीत आपण सुखी.

ईथर ३४.६ डिग्रीला उकळतं. एप्रिल-मेमधली आपली दुपार म्हणजे उकळत्या ईथरची बाटली हातात. म्हणून काम पहाटे करायचं, बाटली माठातल्या पाण्यासारखी गार ठेवायची, बूच क्षणभरही उघडं ठेवायचं नाही. बूच सैल राहिलं की ईथर उडून जातं, नुसतं रॉकेल-एरंडेल उरतं आणि मग माणूस तासभर पंखा मारत बसतो. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते. तेव्हा घरात नाही, देवघराजवळ नाही, गॅसच्या शेगडीच्या खोलीत तर नाहीच. आणि जुना साठा ठेवायचा नाही. मास्तरांनी सांगितलंच आहे.

ताई, ईथर शोधत फिरू नका. आमच्या गटाकडे ताजं मिसळलेलं इंधन असतं, मी घेऊन येतो. कोल्हापुरात भेटायचं का फिटरकाकांकडे?

उद्यमनगर_फिटर
या की. रविवारी सकाळी सातला. सागवानी ठोकळा तयार करून ठेवतो. इंजिन व्हाइसमध्ये आवळायचं नसतं, क्रँककेस चेपते. ठोकळ्याला इंजिनाचे कान (बाजूच्या भोकं असलेल्या पट्ट्या) स्क्रूने बसवायचे आणि ठोकळा व्हाइसमध्ये धरायचा.

कृष्णाकाठची_मुक्ता
सुटलं!

जुन्या ओटीजीत एकशेदहा डिग्रीला वीस मिनिटं ठेवलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा हातमोज्याखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा पंखा फिरला, अगदी जाड काकवीत पळी फिरवावी तसा. एग्झॉस्टमधून चहाच्या रंगाचा ओघळ आला. चार-पाच वेळा तेल, चार-पाच वेळा गरम. आणि मग एका जागी येऊन पंखा हातावर उसळला, मागे ढकलला गेला. काका, हेच कॉम्प्रेशन का?

उद्यमनगर_फिटर
हेच. पंखा तसाच दाबून धर आणि दहापर्यंत मोज. दाब हळूहळू सुटत असेल तर जोडी उत्तम आहे. लगेच फुस्स झालं तर तेल घालून परत बघ.

कृष्णाकाठची_मुक्ता
दहापर्यंत मोजलं, तरी सुटलं नाही.

गोदाकाठ
मी पण येतो रविवारी. नाशिकहून रात्रीची गाडी आहे.

एअरविंग_८६
रविवारचा वृत्तांत मीच लिहितो, मुक्ताताईंचे हात तेलाने माखलेत.

सकाळी सव्वासात. ठोकळा, नऊ बाय चार इंची नवा लाकडी पंखा. मामांच्या जुन्या पंख्याला बारीक भेग होती. भेग गेलेला पंखा वेगात तुटला तर तुकडा गोळीसारखा जातो, त्यामुळे तो पेटीत परत. पंखा आडवा असताना कॉम्प्रेशन लागेल असा बसवला. इंधनाची सुई बंद करून तीन फेरे उघडली. सगळ्यांना पंख्याच्या रेषेतून बाजूला केलं, कारण तुकडा उडाला तर कडेला उडतो. बोटाला चामड्याचं टोपण. इलेक्ट्रिक स्टार्टर लावायचा मोह अजिबात करू नये. सिलिंडरमध्ये इंधन साचलेलं असलं तर द्रव दाबला जात नाही आणि रॉड वाकतो. बोटाला ते आधी कळतं, स्टार्टरला कळत नाही.

मागच्या नळीवर बोट ठेवून दोन फेरे, इंधन नळीतून सरकताना दिसलं. एग्झॉस्टच्या खिडकीत एक थेंब. मारला. काही नाही. परत. काही नाही. कॉम्प्रेशनची दांडी पाव फेरा आवळली. आठव्या-नवव्या झटक्याला एक 'टप्प' झालं आणि खिडकीतून पांढरा धुराचा ठिपका आला. त्या एका टप्पने सगळे पुढे सरकले, फिटरकाकांना हात आडवा धरावा लागला. आणखी थोडं आवळलं. मग पंख्याने बोटाला उलटी लाथ दिली, म्हणजे जास्त झालं. एक अष्टमांश फेरा मागे. मुक्ताताई म्हणाल्या, मी मारते.

त्यांच्या तिसऱ्या झटक्याला लागलं. आधी अडखळत, टप-टप-टप, खोकल्यासारखं. फिटरकाकांनी दांडीवर दोन बोटं ठेवली आणि केसभर आवळलं, अडखळणं थांबलं. सुई थोडी बंद केली, सूर चढला. अर्ध्या मिनिटात इंजिन तापलं आणि आवाज जड झाला, ओझं वाहिल्यासारखा. काकांनी दांडी मागे घेतली आणि सूर मोकळा झाला. माझ्या मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपने मिनिटाला सात हजारांच्या थोडे वर फेरे दाखवले. वर्कशॉपच्या पत्र्यावर निळसर धूर चढत होता. टाकी संपेपर्यंत चाललं, दोन मिनिटं दहा सेकंद.

नंतर काकांनी एग्झॉस्टखाली धरलेला पांढरा कागद सगळ्यांना दाखवला. तेल फिकट तपकिरी, काळं नाही. काळं असतं तर आत लोखंड घासतंय असा अर्थ.

कृष्णाकाठची_मुक्ता
गोदाकाठदादांनी ईडी बी बरोबर आणलं होतं. काकांनी तासभर भिंगातून पाहिलं आणि नवा पिस्टन जमेल म्हणाले. बिडाची कांडी घेऊन कापायचा आणि त्याच लायनरला लॅप करायचा. दादा काहीच बोलले नाहीत. इंजिन काकांच्या टेबलावर ठेवून चहा प्यायला बाहेर गेले.

एक प्रश्न राहिला. आमच्या मिल्सच्या मागच्या झाकणाखालून तेल झिरपतंय. गॅस्केट फाटलं असावं. ते कुठे मिळेल?

उद्यमनगर_फिटर
मिळायचं नाही, घरीच कर. साधा खाकी कागद, पाकिटाचा. झाकणाला एरंडेलाचं बोट लावून कागदावर दाब, छाप उठेल, त्यावरून बारीक कात्रीने काप. भोकं पंचने पाड, सुईने पाडलीस तर कडा उभ्या राहतात. बसवताना स्क्रू समोरासमोरचे एकेक थोडे आवळायचे, एकच पूर्ण आवळायचा नाही. आणि ठेवून देताना टाकीत इंधन ठेवायचं नाही. दोन थेंब पातळ मशीन ऑइल आत, चार फेरे हाताने, मग डब्यात.